उरलेले सात सेंटिमीटर

पुस्तकात कोणाच्या विरोधात काही लिहिलं असेल, तर छापण्याआधी त्याच्या घरी जाऊन ते त्याला वाचून दाखवायचं, असा मगदूम बाईंचा नियम आहे. फोनवर नाही, समोर बसून. या नियमामुळं मार्चच्या शेवटी आम्ही दोघी कुरुंदवाडला गणपतरावांच्या सोप्यात बसलो होतो आणि बाई कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होत्या.

"या वह्या अत्यंत चिकाटीनं लिहिल्या आहेत. मात्र गावातल्या एका घराच्या भिंतीवरच्या खुणांशी त्या ताडून पाहिल्या, तर त्यांतली पुराची पातळी प्रत्येक वेळी सुमारे एक मीटरनं कमी भरते. मोजपट्टी बसवतानाच चूक झाली असावी. त्यामुळं या नोंदींवर विसंबता येत नाही."

गणपतराव सत्त्याहत्तर वर्षांचे. पाटबंधारे खात्यात नदीची पातळी नोंदवायचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. घाटावर आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी होती. रोज सकाळी आठ वाजता पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि लिहायचं. पुरात दर तासाला. खात्याचं रजिस्टर खात्याकडं गेलं, पण त्यांनी स्वतःसाठी दोनशे पानी वह्यांत सगळं उतरवून ठेवलं होतं. गावात त्यांना अजून 'पट्टीवाले' म्हणतात. रिटायर झाल्यावरही ते रोज आठला घाटावर जात. दोन हजार एकोणीसच्या पुरात पट्टी वाहून गेली, तरी जात.

बाईंचं वाचून झालं. गणपतरावांनी मान वर केली.

"मोजलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"यंत्र लावून?"

"हो. कॉलेजचं लेव्हलचं यंत्र आणलं होतं. दोनदा मोजलं."

"मग काय," ते म्हणाले. "यंत्रानं मोजलंय म्हटल्यावर छापा की."

त्यांची थोरली बहीण, आक्का, चहा घेऊन आली होती. ती दारातच ट्रे धरून उभी राहिली. "बावीस वर्सं तापात बी गेलाय ह्यो घाटावर," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नात अक्षता पडल्या तवा ह्यो पट्टीपाशी हुता. आन् आता म्हंता चुकीचं हाय?"

"आक्का, गप की," गणपतराव म्हणाले. "चहा दे पावण्यांस्नी."

याच बाईंना वह्या देताना त्यांनी 'आमच्या बाई' म्हटलं होतं. आता आम्ही पाहुण्या झालो होतो.

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. इचलकरंजी मागं पडलं. मग म्हणाल्या, "स्नेहल, तीन टिंबं आहेत ना गं त्याला?"

"तीन आहेत, बाई."

टिंबांचं सांगायला हवं. राजमती मगदूम यांनी कोल्हापूरच्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. रिटायर झाल्यावर पुस्तकं लिहायला लागल्या. पहिलं तळ्यांवर, दुसरं उसाच्या पट्ट्यातल्या खारवट जमिनींवर, आणि हे तिसरं पंचगंगेच्या पुरांवर. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर त्यांच्याकडं आले, त्याला दोन वर्षं झाली. माझं काम म्हणजे हस्तलिखितातलं प्रत्येक विधान तपासून समासात पेन्सिलीनं टिंबं द्यायची. कोणीतरी सांगितलं एवढंच असेल तर एक टिंब. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून तेच आलं तर दोन. आपण स्वतः मोजलं असेल तर तीन. एका टिंबाचं वाक्य छापायचं नाही.

गणपतरावांच्या वाक्याला तीन टिंबं मीच दिली होती. ती कशी दिली ते असं.

कुरुंदवाडमध्ये पूर ओसरला की घरातली थोरली बाई नदीची ओटी भरते आणि पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं तिथं पाच बोटं कुंकू ओढते. धोंडुबाई नावाच्या बाईंच्या सोप्यातल्या भिंतीवर अशा सहा पुरांच्या खुणा आहेत. कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून त्यांच्या मुलानं, ऋतुराजनं, प्रत्येक खुणेभोवती ऑइल पेंटनं चौकट काढून साल लिहिलं आहे. नोव्हेंबरात मी घाटावरच्या देवळाच्या चौथऱ्यापासून या खुणांपर्यंत उंची मोजत आणली. गणपतरावांच्या वहीच्या पहिल्या पानावर पट्टीचा शून्य त्याच चौथऱ्याच्या किती खाली आहे ते लिहिलेलं होतं. म्हणजे भिंत आणि वही एकाच दगडाशी बांधलेल्या होत्या. त्यांचे आकडे जुळायला हवे होते.

जुळले नाहीत. गणपतरावांच्या नोकरीच्या काळातल्या १९८९, १९९४, २००५, २००६ या चारही पुरांत भिंतीची खूण वहीपेक्षा वर होती. फरक एकशे आठ, एकशे सहा, एकशे सात, एकशे सात सेंटिमीटर.

फरक दर वेळी तेवढाच येतो, तेव्हा चूक वाचणाऱ्याची नसते, मापाची असते. हे मला शिकवलेलं होतं आणि ते बरोबरही होतं. अशा पट्ट्या एकेक मीटरच्या तुकड्यांत येतात. बसवताना एक तुकडा चुकला की सगळे आकडे एका मीटरनं सरकतात. मी तसं लिहून दिलं. वरचे सात सेंटिमीटर मी लाटांच्या आणि कुंकवाच्या जाड बोटांच्या नावावर टाकले.

लाटेनं कधी वर, कधी खाली व्हायला हवं होतं. चारही वेळा वरच का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एप्रिलमध्ये बाईंनी आक्काला फोन केला. आक्का म्हणाली, तो घाटावर जायचा बंद झालाय, अर्धी भाकरी खातो आणि उठतो, वह्या माळ्यावर टाकल्यात. बाईंनी फोन ठेवला आणि आठवं प्रकरण पुन्हा काढलं. वाक्य मऊ करता येतं का ते बघितलं. "अत्यंत चिकाटीनं" शेजारी "निष्ठेनं" घातलं. थोड्या वेळानं खोडलं.

"उगाच साखर पेरून काय होतंय," त्या म्हणाल्या. "माणूस प्रामाणिक आहे, आकडा चुकीचा आहे. दोन्ही खरं आहे. आकडा झाकता येत नाही."

मजकूर शाहूपुरीतल्या प्रेसकडं गेला. प्रेसचा मालक अभिनंदन हा बाईंचा जुना विद्यार्थी. एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाई, भिंतीचा फोटो चालणार नाही ओ. खुणा दिसतच नाहीत, नुसता लाल चिखल दिसतोय. रंगीत पानं शेवटी छापू, तेवढ्यात दुसरा द्या. मजकुराच्या प्लेटा झाल्यात. सातवं प्रकरण उद्या सकाळी मशीनवर चढतंय, आठवं जेवून आल्यावर."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका फोटोसाठी कुरुंदवाडला गेले. सोबत कॅमेरा आणि मोजमापाची टेप. टेप फोटोत भिंतीशेजारी लटकवायची होती, एवढंच तिचं काम.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. धोंडुबाईंच्या शेजारचं घर जमिनीवर नव्हतं.

दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. भिंती होत्या, कौलं होती, दाराला तोरण होतं, पण भिंतींच्या खाली हातभर मोकळी जागा होती आणि तिच्यातून पलीकडचं परसू दिसत होतं. भिंतींच्या बुडाशी लोखंडी पट्टे घातलेले होते आणि त्यांच्याखाली ओळीनं जॅक. ट्रकखाली लावतात तसले, दीडशे तरी असतील. प्रत्येक चार-पाच जॅकपाशी एक माणूस उकिडवा बसलेला. मिस्त्रीनं शिट्टी मारली की सगळे एकदम दांडा फिरवत. दोन कोपऱ्यांना पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी धरून दोघं जण ओरडत होते, "बराबर है! बराबर है!" आत कोणीतरी भांडी घासत होतं.

"तोंड मिट, माशी जाईल," मागून धोंडुबाई म्हणाल्या. पासष्टीच्या, पदर खोचलेल्या. "एवढं काय बघतीयास? हरियाणाची मानसं हैत. पूर येतोय म्हणून घरं वर घेत्यात. आमचं बी असंच उचललं की."

"काय उचललं?"

"काय उचललं म्हंती! घर. बावीस सालच्या उन्हाळ्यात. मी चुलीपाशी बसून दूध तापवत हुतो, साय बी हलली न्हाय."

मी त्यांच्या घराकडं बघितलं. दारात एकच पायरी होती. अंगणात पेव्हर ब्लॉक, कुठंही उंच-सखल नाही.

"पण पायऱ्या..."

"अंगणात बी भर टाकली न्हवं. मुरुम आणून. न्हायतर म्या काय शिडीनं चढू व्हय ह्या वयात?"

"मावशी," मी म्हणाले. "नोव्हेंबरात मी तुम्हाला विचारलं होतं, या खुणा कधी हलवल्या का. तुम्ही म्हणालात, हातसुद्धा लावला नाही."

"न्हाईच लावला! जितं सासूबाईंनी लावलं तितंच हाय. तू खुणांचं इचारलंस, म्या खुणांचं सांगितलं. घर हललंय का आसं कुटं इचारलंस?" मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "काय झालं गं? तोंड का उतरलं?"

"किती उचललं? किती फूट?"

"साडेतीन."

साडेतीन फूट म्हणजे एकशे सहा पूर्णांक सात सेंटिमीटर. एक मीटर, आणि वर सात सेंटिमीटर.

मी पायरीवर बसले. पट्टी खाली नव्हती, भिंत वर गेली होती. दोन गोष्टींत फरक दिसला तेव्हा त्यांतली कोणती हलली असेल याचा मी विचार केला होता, आणि भिंत हलत नाही म्हणून ती यादीतूनच काढून टाकली होती. चालणाऱ्या भिंतीची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, तरीही.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अभिनंदनचं जेवण साधारण एक वाजता. पण बाईंना फोन करायला मी धजेना, कारण माझ्याकडं एकच टिंब होतं. धोंडुबाईंनी सांगितलं, एवढंच. ऋतुराजनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यात खरंच हेच घर होतं, हीच भिंत, आणि खाली जॅक. दुसरं टिंब. पण किती उचललं, ते व्हिडिओत मोजता येत नव्हतं. बाईंनी एका माणसाला खोटं ठरवलं होतं ते मोजमापाच्या जोरावर, आणि ते मागं घ्यायलाही मोजमापच लागणार होतं.

"मावशी, घरातलं असं काही आहे का, जे उचललं नाही? जुनी भिंत, विहीर, काहीही?"

"गोठा हाय की मागं. त्यो कोन उचलतंय? म्हशी काय म्हनाय येनार हैत?" त्या हसल्या आणि मग एकदम थांबल्या. "अगं, गोठ्यात बी हाय एक कुंकू. पाच सालचं. म्हशी जगल्या म्हणून सासूबाईंनी तितं बी बोटं ओढली हुती."

गोठा दगडी होता, अंगणापेक्षा चांगलाच खाली. भर टाकल्यावर तो खड्ड्यात गेल्यासारखा झाला होता आणि पुढच्या दारानं येणाऱ्याला दिसतही नव्हता. धुरानं काळ्या झालेल्या दगडावर पाच बोटं होती, पुसट, पण पाचही. म्हशींनी अंग घासून खालचं सगळं गुळगुळीत केलं होतं. ही खूण त्यांच्या पाठीच्या वर राहिली म्हणून वाचली होती.

दोन हजार पाचचं पाणी सोप्यात आणि गोठ्यात एकाच पातळीला असणार. पाण्याला दुसरं काही येत नाही. म्हणजे दोन खुणांच्या उंचीत आज जो फरक, तेवढं घर वर गेलं.

यंत्र कोल्हापुरात होतं. मी शेजारी जाऊन मिस्त्रीकडं त्याची पाण्याची नळी मागितली. "पाच मिनट," मी हिंदीत सांगितलं. त्यानं घराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. घर अर्ध्या हवेत तसंच राहिलं.

ऋतुराजनं नळीचं एक टोक सोप्यातल्या पाच सालच्या खुणेशी धरलं, मी दुसरं गोठ्यात. पाणी डुचमळत स्थिर झालं. तिकडं पाणी खुणेला टेकल्यावर त्यानं हाक दिली आणि मी इकडं खडूनं रेघ मारली. मग गोठ्यातल्या कुंकवापासून खडूपर्यंत टेपनं मोजलं. पुन्हा मोजलं. एकशे सहा.

मला चूक सापडल्याचा इतका आनंद आजवर झाला नव्हता, आणि चूक माझीच होती. मी बाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"किती टिंबं?" बाईंनी विचारलं.

"तीन."

"अगं माझी बाई ती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला फोनमध्ये ऐकू आला. "थांब, आधी अभिनंदनला बघते."

सात मिनिटांनी फोन परत आला. "थांबवलं. ओरडला. 'बाई, प्लेटा झाल्यात की ओ!' म्हणाला. मी म्हटलं, नववीत तुझी जर्नल तीनदा लिहून घेतली होती, तेव्हाही ओरडला होतास." त्या हसत होत्या, मार्चनंतर पहिल्यांदा. मग गंभीर झाल्या. "आता गणपतरावांकडं जा. मी येईपर्यंत थांबू नको. त्यांचा एक दिवससुद्धा आणखी असा जायला नको. आणि हे बघ, चूक 'आमची' झाली म्हण, 'माझी' नको. पुस्तकावर नाव माझं आहे."

गणपतरावांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. ते सोप्यात खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. आक्का भाकरी थापत होती. मला बघून तिनं हात थांबवला, पण या म्हणाली नाही.

"काका," मी उभ्यानंच म्हणाले, "तुमची पट्टी बरोबर होती. चूक आमची झाली. वह्या बरोबर आहेत, चारही आकडे."

ते उठून बसले. "आता काय नवीन?"

"ज्या भिंतीवर आम्ही मोजलं, ती भिंत उचललेली होती. जॅक लावून. आम्हाला माहीत नव्हतं."

"कुठली भिंत?"

बाई पुस्तकात कोणाचं घर ओळखू येईल असं लिहीत नाहीत. "गावातल्या एका घराची भिंत" एवढंच आम्ही वाचलं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

"धोंडुबाईंच्या घराची," मी म्हणाले.

गणपतराव माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतात की काय, पण ते हसत होते, आवाज न करता, आणि मग मोठ्यानं.

"धोंडुबाईचं घर! आगं, मी हुतो की तितं! दोन दिस खुर्ची टाकून बसलोतो बघाय! निम्मं गाव आलतं! आक्का, ऐकलंस का? ह्यांनी उचललेलं घर मोजलं आन् माझी पट्टी खाली घातली!"

"आन् तू का न्हाय इचारलंस कुठलं घर?" आक्का कडाडली. "महिना झाला तोंड पाडून बसलाय. एक सबूद इचारायचा हुतास!"

"यंत्र म्हनली ती," गणपतराव म्हणाले. "यंत्रापुढं काय बोलायचं?" ते हसायचे थांबले आणि त्यांनी डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले. "रातचं पडल्या पडल्या मी पयल्या दिवसापास्नं आठवाय लागलोतो. पट्टी कुनी बसवली, कवा बसवली, मी शून्य बघितला का न्हाय बघितला. म्हटलं बावीस वर्सं खोटंच लिवलं का काय."

"पुस्तक थांबवलंय," मी म्हणाले. "बाई ते पान नवीन लिहितायत."

"किती भरलं?"

"काय?"

"गोठ्यापास्नं सोप्यापतोर. मोजलंस न्हवं?"

"एकशे सहा."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. खुंटीवरची टोपी घेतली, कोनाड्यातून स्वतःची घडीची पट्टी काढली आणि चपला घालून निघाले. आक्का ओरडली, "जेवून तर जा!" ते थांबले नाहीत.

धोंडुबाईंच्या गोठ्यात माझी खडूची खूण अजून होती. गणपतरावांनी ती पुसली. नळी पुन्हा मागून आणली, ऋतुराजला पुन्हा सोप्यात उभा केला, आणि त्याच्यावर ओरडले: "नळी दाबू नगंस! फुगा न्हाय त्यो! पानी थांबू दे आधी. थांबलं? पुन्यांदा बघ." माझ्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. शेवटी त्यांनी पट्टी लावली, चष्मा वर केला, खाली केला.

"एकशे सात," ते म्हणाले. "तू घाई केलीयास. पानी हलत हुतं."

चार पुरांच्या फरकांची सरासरी एकशे सात येत होती. हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

मी पुन्हा मोजलं. एकशे सात होतं.

घरी परतल्यावर ते हात-पाय धुऊन पाटावर बसले. "आक्का, वाढ," ते म्हणाले. "आन् हिला बी वाढ. उनाची आलीया." आक्कानं त्यांच्या ताटात एक भाकरी ठेवली, ती संपल्यावर न विचारता दुसरी ठेवली, आणि माझ्याकडं बघून मान एवढीशी हलवली. मला वाटतं, तेवढ्यात माझी माफी झाली.

जेवताना बाईंचा फोन आला. "पान लिहून झालं," त्या म्हणाल्या. "चूक कशी झाली तेही घातलंय, सगळं. घर एकशे सहा सेंटिमीटर वर गेलं, असं लिहिलंय. पाठवू ना अभिनंदनला?"

"एकशे सात, बाई."

"मघाशी सहा म्हणालीस."

"गणपतरावांनी मोजलं."

"असं होय," बाई म्हणाल्या. कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. "मग सातच."